आजारातून उठल्यावर ताकद कशी भरून काढावी: आधी आंबील, मग अश्वगंधा

गेल्या पावसाळ्यात वडील टायफॉइडमधून उठले. ताप उतरला त्याच दिवशी मी त्यांना डिंकाचा लाडू दिला आणि रात्री त्यांचं पोट बिघडलं. आज्जी म्हणाली, "भूक लागली का, ते विचारलंस का आधी?" तेव्हापासून आमच्या घरी हाच क्रम आहे.

पहिले दोन-तीन दिवस फक्त पेज. अर्धी वाटी तांदूळ कोरडे भाजून भरडा, 7 वाट्या पाण्यात मऊ शिजवा. मीठ आणि चिमूटभर सुंठ घालून थोडी थोडी द्या.

भूक लागल्याचं माणूस स्वतःहून सांगू लागला की ज्वारीची आंबील. पीठ ताजं दळलेलं घ्या, जुनं कडवट लागतं. आपल्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळते, ती उत्तम. पोहे खायच्या चमच्यानं तीन चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी पातळ ताकात कालवून रात्रभर ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र तीन-चार तास पुरे, नाहीतर फार आंबतं. सकाळी 2 वाट्या पाणी उकळवा, एका हातानं पीठ ओता, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. दहा मिनिटांत कच्चा वास जातो आणि पळीला पातळ थर धरतो. मग मीठ, जिरेपूड, आणि कोमट झाल्यावर ताजं ताक. वडील पहिल्यांदा वाटी चाटून रिकामी करून बसले, तेव्हा मला धीर आला.

ती पचली की मुगाचं कढण, मग गूळ-सुंठ घातलेलं हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या (कुळथाच्या) पिठाची पातळ खीर. हुलगे उष्ण, पित्ताच्या माणसाला देऊ नका.

अश्वगंधा यानंतरच. अर्धा छोटा चमचा चूर्ण एक कप दूध आणि एक कप पाण्यात घालून मंद आचेवर उकळा, पाणी आटून दूध उरलं की गाळून रात्री द्या. गरोदर बाई, कावीळ किंवा यकृताचा त्रास झालेला माणूस यांना अजिबात नको. थायरॉइड, साखर, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काविळीनंतर गुळवेलही मनानं सुरू करू नका.

डॉक्टरांच्या गोळ्या या सगळ्यात बंद करायच्या नाहीत. ताप परत आला, डोळे पिवळे दिसले, शौच काळी झाली किंवा चालताना धाप लागली, तर आंबील बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.