डीबीएसनंतर कानामागची त्वचा कशी सांभाळावी

पार्किन्सन्ससाठी (कंपवातासाठी) मेंदूत इलेक्ट्रोड बसवून छातीतल्या बॅटरीतून त्यांना विजेचे उत्तेजन देतात, त्याला डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणतात. ही शस्त्रक्रिया झाल्यानंतर टाके निघेपर्यंतची काळजी रुग्णालयातून जाताना लिहून मिळते, तेवढी पाळली की पुरे.

खरी अडचण पुढे, कधी काही वर्षांनीही, कानामागे सुरू होते. इलेक्ट्रोडची तार छातीतल्या बॅटरीकडे जाणाऱ्या तारेला जिथे जोडलेली असते, तो जोड बहुधा कानाच्या मागे-वर, पातळ त्वचेखाली असतो, आणि रुग्णाचे वजन घटले की तो त्वचेला आतून अधिकच टोचू लागतो. माझ्या यजमानांच्या त्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढी खपली धरली, तेव्हा चष्म्याची दांडी घासली असेल असे समजून मी आठ दिवस मलम लावत बसले. नवव्या दिवशी ती खपली उशीच्या अभ्र्याला चिकटून निघाली. पू नव्हता, ताप नव्हता, पण भोकातून तारेचे पांढुरके वेष्टण स्वच्छ दिसत होते.

तेव्हापासून दर रविवारी मी खिडकीच्या उजेडात केस बाजूला करून ती जागा पाहते आणि फोनवर फोटो काढून मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडून बघते. त्वचा चकाकू लागली, लालसर किंवा जांभळट झाली, जोडाचा आकार ठळक उमटू लागला, तर त्वचा फाटण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे. खपली दिसली, तर खाली तार उघडी पडली आहे असेच धरून चालावे: ती खरवडू नये, हळद किंवा मलम लावू नये, कोरडा निर्जंतुक गॉज ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. "आधी आठवडाभर गोळ्या घेऊन पाहा" हा सल्ला मला संताप आणतो, कारण उघड्या तारेवर जंतूंचा चिकट थर धरतो आणि नुसत्या गोळ्यांनी तो सहसा हटत नाही. सूज आली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुईने पाणीही काढू देऊ नये. सुईने तारेला इजा होऊ शकते आणि जंतू आत जाऊ शकतात.

यंत्र स्वतःहून बंद करू नये, कारण उत्तेजन अचानक थांबल्यास ताठरपणा गंभीर होऊ शकतो; काही भाग काढावा लागणार असेल, तर त्या काळातल्या औषधांचे वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे.

छातीवरच्या बॅटरीची जागाही रविवारच्या त्याच तपासणीत पाहावी, आणि रीचार्ज न करता येणारी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांनी बदलली की टाक्यांची काळजी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.