समानाचा धबधबा आणि बेट एका दिवसात कसं करावं

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात पुंटा कानाच्या जवळजवळ प्रत्येक हॉटेलात समानाची ही सहल विकायला असते. पत्रकावर पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि कोपऱ्यात छोटासा धबधबा. त्या फोटोवर जाऊ नका. ही समाना सहल निम्मी चिखलातली आहे, आणि दिवस कसा जाणार हे घोड्याच्या पाठीवर ठरतं. सल्ले देणारे मात्र सनस्क्रीन, टोपी आणि टॉवेलावरच थांबतात. ते तुम्ही न सांगता घ्याल, म्हणून इथे त्याबद्दल काही नाही.

आधी नकाशा डोक्यात बसवा. पुंटा काना देशाच्या पूर्व टोकाला, समाना द्वीपकल्प ईशान्येला आणि मधे समानाचा उपसागर. पूर्ण रस्त्याने वळसा घातला तर एका बाजूलाच चार तासांच्या वर जातात. म्हणून सहलवाले बसने उपसागराच्या दक्षिण काठावर, म्हणजे मिचेस किंवा साबाना दे ला मारपर्यंत नेतात आणि तिथून बोटीने समाना गावात उतरवतात. पुढे गाडीने एल लिमोन गाव, घोडा, धबधबा, जेवण, परत बंदर, बोटीने कायो लेवांतादो बेट, बोटीनेच पलीकडचा काठ आणि पुन्हा बस. हॉटेल ते हॉटेल बारा-तेरा तास धरून चाला. हाताशी दोन मोकळ्या रात्री असतील तर ही सहल घेऊच नका. समाना किंवा लास तेरेनासला मुक्काम करा आणि पुंटा कानाच्या बसेस यायच्या आत, सकाळी लवकर धबधबा गाठा.

पैसे भरण्याआधी

विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा: आधी धबधबा की आधी बेट? धबधबा आधी असेल तरच घ्या. दुपारनंतर डोंगरावर ढग जमतात, एक सर आली तरी वाट निसरडी होते, आणि चिखलाने माखलेल्या अंगाने बसमध्ये बसण्यापेक्षा समुद्रात उतरणं केव्हाही बरं. दुसरा प्रश्न बोटीचा: स्पीडबोट की कॅटॅमरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट), आणि पाण्यावर एकूण किती वेळ? तिसरा घोड्याचा: भाडं किमतीत धरलंय का, वजनाची मर्यादा किती, लहान मुलांना स्वतंत्र घोडा देतात की घोडेवाल्यासोबत बसवतात? वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर नोंदणी करतानाच स्पष्ट सांगा, म्हणजे दणकट जनावर मिळतं. आयत्या वेळी सांगितलं तर समोर उभं असेल त्यावर बसावं लागतं.

गरोदर बायका, स्लिप डिस्क किंवा मानेचं दुखणं असलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले यांनी ही सहल करू नये. घोड्याचं सगळ्यांना कळतं, पण लाटांवर आपटणारी स्पीडबोट कमरेला घोड्याहून वाईट.

हंगामाचं थोडक्यात: जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हंपबॅक देवमासे उपसागरात येतात, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही वाढतात. देवमासे बघायचे असतील तर त्यासाठीची वेगळी बोट घ्या. या सहलीत दिसले तर नशीब, आणि 'हमखास दिसतील' म्हणणाऱ्याकडून तिकीट घेऊ नका. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. समाना हा देशातला भरपूर पावसाचा भाग आहे. पावसानंतर धबधबा भरून वाहतो हे खरं, पण वाटेची अवस्था तेवढीच वाईट होते.

कागदपत्रांचं एकच: भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि तो फुकट असतो, त्याचे पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. न्यू जर्सी-टेक्सासकडून सुट्टीला येणाऱ्या एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी परतीसाठी पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे ना ते निघण्याआधी बघावं. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर संपलेल्या व्हिसावर परत येऊ देणारी सवलत डॉमिनिकन रिपब्लिकहून परतताना एच-१बी ला मिळत नाही.

सकाळची बस आणि बोट

बोट लागण्याची सवय असेल तर गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. मेक्लिझिन असो वा आपली अ‍ॅव्होमिन, बोट सुटण्याच्या किमान तासभर आधी, म्हणजे बसमध्येच घ्या. अ‍ॅव्होमिनने चांगलीच झोप येते आणि पुढे घोडा आहे, तेव्हा कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. उपाशीपोटी बसू नका. ब्रेड, केळं एवढं पुरे.

स्पीडबोटीत मागे बसा. पुढची जागा फोटोसाठी छान, पण लाटेवर नाक उचलून आपटतं तिथेच. सकाळी उपसागर बहुधा शांत असतो. दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे येतानाची बोट जातानापेक्षा जास्त हलते. सकाळी काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहणारेच संध्याकाळी बोटीच्या काठावर वाकलेले दिसतात.

घोडा

एल लिमोन गावाच्या रस्त्याला घोड्यांचे थांबे आहेत. प्रत्येक घोड्यामागे एक माणूस, पायात गमबूट, हातात दोर. कुठल्या थांब्यावरून निघता त्यावर अंतर अवलंबून आहे, पण एका बाजूने साधारण अडीच किलोमीटर आणि पाऊण तास धरा. माथेरानला घोड्यावर बसलोय म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. तिथे लाल मातीचा रुंद रस्ता असतो. इथे चिकणमातीची अरुंद घळ, तिच्यात गोटे, मधे ओढ्याचं पाणी, आणि चढ संपला की लगेच तीव्र उतार.

पायात काय हवं इथपासून चुका सुरू होतात. चपला आणि क्रॉक्स बाद: चिखल त्या ओढून घेतो आणि रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, पाय सटकतो. जाड सोलचे ट्रेकिंगचे बूटही नकोत. त्यांचा रुंद तळ अरुंद रिकिबीत अडकतो, आणि पडताना पाय अडकलेला असणं हाच सगळ्यात मोठा धोका. ओले झाले तरी चालतील असे साधे, बंद, नाडीचे कॅनव्हासचे बूट सर्वांत चांगले. खाली शॉर्ट्स नको, लेगिंग किंवा पातळ फुल पँट घाला. रिकिबीचा चामडी पट्टा पोटरीला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासतो, आणि ते सोललेलं दुपारी समुद्राच्या पाण्यात कळतं. निघण्याआधी तिथे व्हॅसलिन चोळा. ओढणी, लटकती पर्स, गळ्यातला कॅमेरा सगळं गाडीत ठेवा. हेल्मेट आपणहून कोणी देईलच असं नाही, तुम्हीच मागा.

आता बसण्याआधी दोन मिनिटं घोड्याकडे बघा. लंगडतोय का, खोगिराच्या कडेला जखम आहे का? असेल तर दुसरा मागा आणि भिडेला बळी पडू नका.

डाव्या बाजूने चढा. चढताना हात खोगिराच्या पुढच्या मुठीवर, लगामावर नाही. बसलात की घोडेवाल्याला पोटाखालचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळायला सांगा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. पट्टा बांधताना घोडं पोट फुगवतं, चार पावलं चाललं की तोच पट्टा ढिला पडतो आणि पहिल्याच उतारावर खोगीर बाजूला सरकायला लागतं. खोगीर कललंय असं वाटलं की लगेच 'पारे' म्हणा, म्हणजे थांब. 'देस्पासिओ' म्हणजे हळू. एवढे दोन शब्द पाठ असले की पुरे.

मग रिकिबीची लांबी. इथे जवळजवळ सगळे गप्प बसतात आणि इथेच दिवस बिघडतो. रिकीब आधीच्या स्वाराच्या मापावर सोडलेली असते. पाय रिकिबीबाहेर मोकळे सोडा: रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यायला हवा. खाली लोंबत असेल तर पाय टेकत नाही आणि प्रत्येक पावलाला बूड आपटतं. वर असेल तर गुडघे पंधरा मिनिटांत बोलायला लागतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का तेही बघा. रांग खोळंबली, मागचे वैतागले, घोडेवाला 'ठीक आहे ठीक आहे' करत राहिला, तरी माप बदलून घेतल्याशिवाय हलू नका. यात एक मिनिट जातं.

रिकिबीत फक्त पायाचा पुढचा चवडा ठेवा, टाच खाली दाबलेली. पाऊल आरपार घालायचं नाही. चढावर पुढे झुका, मूठ धरा किंवा आयाळ धरा. घोडं मागच्या पायांनी वर रेटत असतं, तेव्हा तिथला भार कमी करायचा. उतारावर उलट: पाठ मागे, पाय किंचित पुढे. घाबरलेला माणूस उतारावर नेमका पुढे वाकून मानेला मिठी मारतो आणि घोडं अडखळलं की तिथूनच खाली जातो.

लगाम सैल ठेवा. ही वाट त्या जनावराच्या रोजच्या पायाखालची आहे. लगाम खेचला की त्याचं डोकं वर होतं आणि खूर कुठे पडतोय ते त्याला दिसत नाही. चिखलात घोडा घसरतोच, मागचे पाय हातभर सरकतात आणि तो सावरतो. त्या क्षणी उडी मारायची नाही. मूठ धरून बसून राहायचं. गोट्यांवर उडी मारून मनगट मोडून घेणं हे घसरणाऱ्या घोड्यावर बसून राहण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याएवढं अंतर राहू द्या, फार जवळ गेलं की पुढचा लाथ झाडतो आणि ती तुमच्या नडगीवर बसते. वळणावर झाड गुडघ्याला घासायला आलं तर गुडघा आत घ्या, हाताने झाड ढकलू नका. फोन खिशातच. सेल्फी धबधब्याजवळ हव्या तेवढ्या.

चालत जायचं असेल तर जाता येतं, वाट तीच. पण घोड्यांनी तुडवलेल्या चिखलातून एका बाजूला तासभर लागतो आणि गटाचं वेळापत्रक तेवढं थांबत नाही. म्हणून हे नोंदणी करतानाच ठरवा.

धबधबा

घोडे थांबतात तिथून पायऱ्यांनी खाली उतरायचं. पायऱ्या ओल्या, म्हणून हात मोकळे हवेत. एल लिमोनचा धबधबा साधारण ४० ते ५० मीटर उंचीचा आहे आणि खाली डोह आहे. पाणी गार, तळाशी दगड, आणि खोली एकदम वाढते. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालूनच उतरा. पाणी तांबूस-गढूळ असेल तर उतरूच नका, वर पाऊस झालेला असतो आणि प्रवाहाबरोबर फांद्या-दगड येतात. कातळावर चढून उड्या मारणारी स्थानिक पोरं दिसतील. त्यांना तळातला दगडन्‌दगड माहीत आहे, तुम्हाला नाही.

इथे अर्धा-पाऊण तास मिळतो. कपडे बदलायला नीट जागा मिळेलच असं नाही, म्हणून पोहण्याचा पोशाख हॉटेलातूनच आत घालून या. झिपच्या पिशवीत एक कोरडी लेगिंग ठेवा आणि परत घोड्यावर बसण्याआधी बदला, ओल्या कपड्याने खोगीर दुप्पट घासतं. परतीला पुन्हा तंग, पुन्हा रिकीब. आता सवय झाली असं वाटत असतं, अंग गार आणि ढिलं पडलेलं असतं, आणि उतार तेवढेच असतात.

घोडेवाल्याला पाच डॉलर तरी द्या. तो दोन्ही वेळा चिखलातून पायी चाललेला असतो. त्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा वेगळ्या ठेवा, वीसची नोट मोडून मिळत नाही.

जेवण आणि बेट

जेवण बहुधा बुफे: भात, लाल घेवड्याची उसळ, चिकन, मासे, कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप, सॅलड. शाकाहारी मंडळींनी उसळ बघून हुरळू नये, तिच्यात मांसाचा तुकडा किंवा चिकनची पावडर असू शकते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही सांगून विचारा, कारण नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तर चिकन आणि मासा त्यात धरत नाहीत. चिवडा किंवा दशम्या जवळ ठेवलेल्या बऱ्या. पुढे बोट आहे, तेव्हा पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नका. पाणी बाटलीचंच प्या.

कायो लेवांतादो सोपं आहे. बेटाचा एक भाग रिसॉर्टचा, सहलीच्या बोटी सार्वजनिक किनाऱ्यावर लागतात. दोरीने आखलेल्या भागात पोहा, बोटीची परतीची वेळ गाइडकडून पुन्हा विचारून घ्या. पोपट किंवा इग्वाना कोणी खांद्यावर ठेवला तर तो फोटो फुकट नसतो. नारळाखाली आडवं होऊ नये हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांनी वर बघून पंचा पसरावा.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी ही सहल नको. बस रात्री आठपर्यंत पोचवते आणि वाऱ्याने बोट उशिरा सुटली तर त्याहून उशीर होतो. शिवाय मांड्या पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी धरतात, आणि त्या अवस्थेत विमानाच्या अरुंद खुर्चीत चार तास बसणं कोणाला नको असतं.