अंगणात मुलांसाठी खेळजागा करताय? नागपूरच्या मातीत आणि उन्हात या चुका टाळा

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की नागपुरातील अनेक घरांच्या आवारात खणाखणी सुरू होते. झोक्यासाठी खांब, रेतीचा हौद, चढण्या-उतरण्यासाठी चार जुने टायर अशी साधी मांडणी एप्रिल-मेमध्ये उभी राहते आणि दोन-तीन मोठ्या पावसांनंतर खांब कलतो, हौदात पाणी साचते, टायरांत डास होतात. साहित्य हलके निघाले, असा निष्कर्ष मग काढला जातो. परंतु बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा साहित्याखालच्या जमिनीत आणि कामासाठी निवडलेल्या महिन्यात असते.

कोरड्या काळ्या मातीत खांब रोवणे

काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला भेगा पडलेल्या असताना फूट-दीड फुटाचा खड्डा घेऊन खांब उभा केला आणि भोवती काँक्रीट ओतले, तर पावसाळ्यात फुगलेली माती त्या काँक्रीटच्या गोळ्यालाच एका बाजूने उचलते. खांब कलला म्हणून वरून आणखी काँक्रीट ओतणे ही त्यापुढची चूक, कारण त्यामुळे वजन वाढते, पकड वाढत नाही. खांब काढून खड्डा निदान 3 फूट खोल आणि पुरेसा रुंद करावा, तळाशी गिट्टीचा थर द्यावा आणि खणून काढलेली काळी माती परत न भरता मुरूम थराथराने, थोडे पाणी मारून घट्ट ठोकावा. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही, म्हणून खांबावर येणारा दाब कमी होतो. खांबाच्या बुडाशी चारही बाजूंना उतार ठेवावा, नाहीतर पावसाचे पाणी त्याच खड्ड्यात मुरत राहते.

लाकडी बल्ली स्वस्त पडते, पण ती जमिनीच्या पातळीवर आधी कुजते आणि वाळवीही तिथूनच चढते. ज्या खांबावर मुलांचा भार लटकणार आहे, तो जस्तलेपित लोखंडी पाइपचाच असावा. बांबू कुंपणाला किंवा सावलीच्या सांगाड्याला चालेल, परंतु नागपूरच्या कोरड्या उन्हात तो उभा चिरतो आणि चिरलेली कड पात्यासारखी कापते. खोदकामाला खरा सोयीचा काळ दिवाळीच्या आसपासचा आहे, जेव्हा मातीत ओल शिल्लक असते आणि ती भेगाळलेली किंवा चिखल झालेली नसते. सुट्टीत मुले घरी असतात म्हणून सुट्टीतच खणायचे, हा हट्ट सोडलेला बरा.

पडण्याच्या जागेचा विचार शेवटी करणे

पेव्हर ब्लॉक, शहाबादी फरशी किंवा कोबा यांवर झोका किंवा चढण्याची शिडी लावू नये, हे बहुतेकांना पटते. पण त्याखाली हिरवळ असली म्हणजे पुरे, असे समजले जाते. पाणी न मिळालेली काळ्या मातीवरची हिरवळ मे महिन्यात फरशीइतकीच कठीण असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनानुसार 4 फूट उंचीवरून पडण्यासाठी सैल वाळूचा थर किमान 9 इंच हवा आणि तो वस्तूच्या सर्व बाजूंना 6 फुटांपर्यंत पसरलेला हवा. आपल्याकडे अनेकदा दोन-तीन इंच रेती पसरून समाधान मानले जाते, ज्याचा उपयोग केवळ दिसण्यापुरता होतो.

रेतीची निवडही महत्त्वाची आहे. क्रशरची चुरी स्वस्त मिळते, परंतु तिच्यातील बारीक भुकटी ओल लागताच घट्ट बसते आणि थराचा मऊपणा संपतो. धुतलेली, गोलसर कणांची नदीची रेती घ्यावी. तीही थेट काळ्या मातीवर टाकल्यास एकाच पावसाळ्यात चिखलात मिसळून नाहीशी होते. म्हणून खाली मुरूम आणि त्यावर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरून मग रेती भरावी. झोक्याखालची रेती मुलांच्या पायांनी बाजूला सरते आणि नेमक्या गरजेच्या ठिकाणी खड्डा पडतो, त्यामुळे दर आठवड्याला ती पंज्याने ओढून सारखी करावी लागते. हौद रात्री जाळीने झाकावा, नाहीतर मांजरे त्याचा वापर आपल्या पद्धतीने करतात. रेतीला वास येऊ लागला असेल, तर वरवर फिनाइल शिंपडून भागत नाही. रेती बदलून पाण्याचा निचरा तपासावा लागतो.

लहान प्लॉटवर झोक्याचा आग्रह

झोका ज्या उंचीवर टांगलेला असतो, तिच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी हवी. 8 फुटांवरच्या झोक्याला पुढे 16 आणि मागे 16 फूट, असा हिशेब झाला की घराभोवतीच्या अरुंद पट्टीत तो बसत नाही, हे कागदावरच कळते. अशा ठिकाणी संरक्षक भिंतीकडे तोंड करून झोका लावण्यापेक्षा तोल सांभाळत चालण्यासाठी आडवा ओंडका, लंगडीसाठी अंतराअंतरावर बसवलेल्या चकत्या आणि लगोरीपुरती सपाट जागा हे अधिक शहाणपणाचे आहे. लहान मुलांसाठी ओंडक्याची उंची 12 इंचांपेक्षा जास्त नसावी आणि तो लोळणार नाही असा बसवावा.

झाडाला झोका बांधायचा असल्यास शेवगा आणि गुलमोहर टाळावेत. त्यांच्या फांद्या पूर्वसूचना न देता मोडतात. चिंच किंवा कडुनिंबाची जाड, जिवंत, न पोखरलेली फांदी बरी. दोर सालीवर घासून आत रुतत असेल, तर रुंद पट्टा वापरावा. नायलॉनचा किंवा प्लास्टिकचा दोर उन्हाने आतून कमकुवत होतो. तो पांढुरका पडून त्याचे तंतू सुटू लागले की गाठ मारून वेळ न काढता बदलावा.

सावलीचा चुकीचा अंदाज

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि 26 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे हिवाळ्यात भिंतीची जी सावली पाहून घसरगुंडीची जागा ठरवलेली असते, ती मेमध्ये उरतच नाही. पत्र्याची घसरगुंडी, काळे टायर आणि गडद प्लास्टिक यांवर भाजण्याची भीती असते. सावली वरूनच हवी, झाडाची किंवा उंच ताणलेल्या ग्रीन नेटची. ‘एवढा खर्च केला, पण मुले जातच नाहीत’, अशी तक्रार असेल, तर नवीन वस्तू आणण्याआधी मोठ्यांनी सायंकाळी पाच वाजता त्या वस्तूवर तळहात ठेवून पाहावा.

साचलेले पाणी आणि अडचणीचे कोपरे

टायर अर्धा पुरला तरी त्याच्या पोकळीत पाणी राहते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. पुरण्यापूर्वीच खालच्या बाजूला मोठी छिद्रे पाडावीत. ज्या टायरमधून तारा बाहेर आल्या असतील, तो घेऊच नये. उरलेल्या विटा आणि लाकडांचा ढीग खेळजागेलगत ठेवला की पावसाळ्यात तिथे विंचू आणि साप आसरा घेतात.

काळ्या मातीची टेकडी मुलांना आवडते, पण पावसात ती घसरते. आतून मुरूम ठोकून वर पातळ मातीत हरळी लावली तर उतार टिकतो.

कठडा किंवा शिडी घरी बनवून घेताना वेल्डरला एक माप आवर्जून सांगावे : दोन गजांमधील फट साडेतीन इंचांपेक्षा कमी किंवा 9 इंचांपेक्षा जास्त असावी, कारण मधल्या मापाच्या फटीतून धड निघून जाते आणि डोके अडकते. चढताना ओढणी, गळ्यातील दोरा आणि सायकलचे हेल्मेट काढून ठेवायला लावावे.

कुंपणाला कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, सर्रास लावलेली असते. तिच्या बिया खेळायला घेण्याजोग्या दिसतात आणि अत्यंत विषारी असतात. रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो. ही झाडे खेळजागेपासून हलवावीत, आणि गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.