स्वीडिश फ्लोअरबॉल क्लबचा इतिहास जुळवताना

अव्वल साखळीत खेळणाऱ्या क्लबचा इतिहास लिहायला बसलं की हात आधी चषकांच्या यादीकडे जातो. तो आवरा. आधी नावं नक्की करा. फ्लोअरबॉल म्हणजे बंदिस्त सभागृहात काठी आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायची हॉकी. या खेळाला स्वीडनमध्ये ‘इन्नेबांडी’, फिनलंडमध्ये ‘सालिबांडी’, स्वित्झर्लंडमध्ये ‘उनिहॉकी’ म्हणतात. नुसतं ‘फ्लोअरबॉल’ शोधलं तर १९८०च्या दशकातलं जवळजवळ काही सापडत नाही.

स्वीडनच्या साला गावातला पहिला क्लब १९७९चा, राष्ट्रीय संघटना १९८१ची आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८६चा. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांसाठी स्थानिक वृत्तपत्रं आणि क्लबच्या वार्षिक सभेची इतिवृत्तंच धुंडाळावी लागतात. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रं डिजिटल केली आहेत, पण त्या काळचे अंक प्रताधिकारामुळे घरबसल्या उघडत नाहीत, ग्रंथालयात जाऊनच वाचावे लागतात. अनुक्रमणिका चाळताना एक ध्यानात ठेवा: डोक्यावर वर्तुळ किंवा दोन टिंबं असलेली तीन अक्षरं (å, ä, ö) स्वीडिश वर्णमालेत अगदी शेवटी येतात. ओरेब्रो (Örebro) हे शहर साध्या ‘ओ’खाली शोधत बसलात तर दिवस जाईल.

आता मोसमवार तक्ता करा. एका मोसमाला एक ओळ: विभाग, स्थान, सामने, विजय, पराभव, केलेले गोल, स्वीकारलेले गोल, गुण, बाद फेरी आणि माहिती कुठून मिळाली ते. मोसम सप्टेंबरात सुरू होऊन वसंतात संपतो, म्हणून २०१२चं विजेतेपद २०११-१२च्या ओळीत जातं. काही याद्या पहिलं वर्ष धरतात, काही दुसरं; दोन्ही मिसळल्या की एकच चषक दोनदा मोजला जातो. पुरुषांच्या अव्वल साखळीचं ‘एलिटसेरिएन’ हे नाव २००७मध्ये बदलून ‘सुपरलीगन’ झालं. त्यावरून क्लबला वरच्या विभागात बढती मिळाली असं समजू नका.

क्लबांचं विलीनीकरण झालं असेल तर जुन्या क्लबचे निकाल मोजायचे की नाही, हे आधीच ठरवून पहिल्या पानावर लिहा. मधेच नियम बदलला की सगळी बेरीज कोसळते.

आकडे तपासायला गणितच कामी येतं. १४ संघांच्या दुहेरी साखळीत (प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोनदा खेळतो) प्रत्येकाचे २६, एकूण १८२ सामने. सगळ्या संघांच्या केलेल्या गोलांची बेरीज स्वीकारलेल्या गोलांइतकीच यायला हवी. फरक पडला तर कुठेतरी आकडा चुकीचा उतरलाय. फ्लोअरबॉलमध्ये एका गोलला जास्तीत जास्त एकच असिस्ट (गोलसाठी पास देणाऱ्याच्या नावावरची नोंद) मिळतो, आइस हॉकीसारखे दोन नाहीत. म्हणून संघाचे असिस्ट गोलांपेक्षा जास्त दिसले तर तो तक्ता बाजूला ठेवा.

बाद फेरीत ‘४-२’ हा एका सामन्याचा निकालही असू शकतो आणि अख्ख्या मालिकेचाही. उपांत्य फेरी मालिकेची आणि अंतिम लढत एकाच सामन्याची असते, तिथे तर ही गल्लत हमखास होते. दोन वेगळे रकाने ठेवा. २०१९-२०च्या ओळीत कोरोनामुळे मोसम अर्धवट थांबला एवढीच नोंद करा. गुणतक्त्यातला पहिला संघ उचलून विजेत्याच्या रकान्यात टाकू नका.