घरभर गाणी लावायचीत? मग स्पीकर सगळ्यात शेवटी घ्या

स्पीकर शेवटी, हे आधीच सांगून टाकतो, कारण मी बरोबर उलटं केलं. दिवाळीच्या सेलमध्ये चार स्पीकर उचलून आणले आणि मग सहा महिने ते आळीपाळीने बंद पडत होते, आणि गाणं थांबलं की घरातले सगळे माझ्याकडे असं बघायचे जणू मीच गाता गाता गप्प झालोय.

आमचं पुण्यात रो-हाऊस, खाली आई-बाबा, वर आम्ही, मधे स्लॅब. गाणी सगळी सर्व्हरच्या, म्हणजे गाणी पुरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, एका डिस्कवर आणि तिथून हॉल, किचन, आईची खोली आणि वरची बेडरूम. तर सगळ्यात आधी फोन घेऊन घरात फिरा, जिथे स्पीकर ठेवायचाय तिथे उभं राहून वायफाय बघा आणि दार लावूनसुद्धा बघा. इंटरनेटचा प्लॅन वाढवायला धावू नका. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला 1411 किलोबिट, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) केलं की साधारण निम्म्या-साठ टक्क्यांवर येतो, म्हणजे चार खोल्यांत चार वेगळी गाणी लावली तरी 5 एमबीपीएससुद्धा लागत नाहीत, आणि डिस्कवरची गाणी घरातल्या घरातच फिरतात, बाहेरचं नेट गेलं तरी वाजतात. घात होतो तो सिग्नल मधेच तुटल्याने. 2.4 गीगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनल 1, 6 आणि 11 एवढेच, त्यावर आख्ख्या सोसायटीचे राउटर बसलेत, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. आमच्या किचनमधलं गाणं नेमकं दूध गरम करताना का अडकतं हे कळायला मला दोन महिने लागले.

घरात रंगकाम किंवा फर्निचर चालू असेल तर आत्ताच कॅट 6, म्हणजे नेटवर्कची वायर, टाकून घ्या, निदान राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत तरी. इलेक्ट्रिशियन म्हणेल साहेब वायफाय आहे की, त्याचं ऐकू नका, आणि लाईटच्या वायरीच्याच पाइपातून ती ओढू देऊ नका, वेगळा पाइप टाकायला लावा.

वर दुसरा राउटर लावणार असाल तर तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे खालचंच नेटवर्क नुसतं पुढे नेणारा) ठेवा, नाहीतर तो स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसतो आणि वरच्या फोनला खालचे स्पीकर दिसतच नाहीत. माझे दोन रविवार त्यात गेलेत. गेस्ट वायफायवरूनही बहुतेक वेळा दिसत नाहीत, पाहुण्यांच्या पोरांचा विचार करता ते चांगलंच आहे म्हणा.

आता लाईट. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला जाते. इन्व्हर्टर आहे पण त्यावर राउटर होता आणि फायबरचा डबा (बाहेरून इंटरनेट आणणारा) नव्हता, शिवाय इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभर झटका बसतो त्यात सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा. म्हणून राउटर, फायबरचा डबा, नेटवर्क स्विच आणि सर्व्हर चौघांना मिळून एक छोटा यूपीएस. खोल्यांमध्ये प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावणार असाल तर त्यावर चालणारं पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर बघा, ते रॅममध्ये चालतं त्यामुळे प्लग उपटला तरी मेमरी कार्ड सहसा खराब होत नाही. डिस्कवाल्या सर्व्हरचे असे लाड करू नका, तो नीटच बंद करायचा.

कुठलाही डबा घेण्याआधी एकच विचारा, उद्या कंपनीने हात वर केले तर हा वाजेल का? लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे नेटवर्कवरून गाणी वाजवणारे डबे बनवणं 2012 मध्ये थांबवलं, 2024 मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही संपली, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, ते आता लिरियन म्युझिक सर्व्हर नावाने चालू आहे आणि जुने डबे अजून वाजतायत. आणि सगळ्या खोल्यांत एकाच पद्धतीचे प्लेअर ठेवा. मी एक वेगळा ब्लूटूथवाला ठेवला होता, दारात उभं राहिलं की एकच आलाप दोनदा ऐकू यायचा.

खरा वेळ मात्र नावांमध्ये जातो, आणि ते काम स्पीकर यायच्या आधी उरकायचं. जागेचं विशेष नाही, तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये 300 ते 400 एमबी, 500 सीड्या असल्या तरी 200 जीबीच्या आत. पण टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची आणि गायकाची नावं! माझ्या यादीत भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी आणि पंडित भीमसेन जोशी असे तीन गायक होते आणि तिघांचे मिळून आठ यमन. पिकार्ड हे टॅग भरणारं फुकटचं सॉफ्टवेअर अर्धं काम करतं पण आपल्या जुन्या सीड्यांना त्याचा फार उपयोग नाही, हातानेच करावं लागतं. अभंगाला कलाकार म्हणून गायक लिहायचा आणि कंपोझरच्या जागी संत की संगीतकार हे एकदाच ठरवा आणि मग बदलू नका (मी दोनदा बदललं, आता तुकाराम दोन्हीकडे सापडतात). रागाचं नाव वेगळ्या रकान्यात टाका आणि जमलं तर प्रहरसुद्धा, नाहीतर शफलवर संध्याकाळी सातला भैरव लागतो आणि बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून नुसते बघतात. विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतील तर गॅपलेस (दोन ट्रॅकच्या मधे खंड न पडू देणारं सेटिंग) चालू आहे ना तेही तपासा, मधे अर्धा सेकंद शांतता आली की सगळी बैठक मोडते.

हे एवढं टायपून झालं की त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा. रेड, म्हणजे दोन डिस्कवर एकदमच तेच लिहिणं, हा बॅकअप नाही, चुकून डिलीट केलं की दोन्ही डिस्कवरून जातं. माझी एक कॉपी ठाण्याला बहिणीच्या कपाटात असते.

आणि आईसाठी अ‍ॅप नको. तिचा फोन बऱ्याचदा देव्हाऱ्याजवळ चार्जिंगला असतो, आंघोळ करून आली की तिला सकाळचे अभंग लगेच हवेत, पासवर्ड बिसवर्ड न घालता. तिच्या खोलीत एक मोठं बटण लावलंय, दाबलं की तिची यादी सुरू, परत दाबलं की बंद. त्या प्लेअरचा आवाज साठ टक्क्यांच्या वर जातच नाही असं सेट करून ठेवलंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.