शून्य आणि ऋण घातांक शिकवताना या चुका टाळा

५ चा घातांक ० असेल तर किंमत किती, असे सातवीच्या वर्गात विचारले की पहिले उत्तर बहुधा शून्यच येते. नागपुरातील माझ्या वर्गात एका मुलीने त्याचे कारणही सांगितले होते : “पाच शून्य वेळा घेतला म्हणजे घेतलाच नाही न सर, मग उरणार काय?” तिच्या तर्कात खोट नव्हती, खोट होती ती मी तिला दिलेल्या व्याख्येत. ‘पाया जितक्या वेळा घेऊन गुणायचा तो घातांक’ हे वाक्य १, २, ३ या घातांकांपुरतेच खरे आहे. उणे तीन वेळा गुणणे याला काही अर्थच नसताना त्याच व्याख्येवर नवा नियम चिकटवणे, ही माझ्या मते आपली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

त्याऐवजी २ चे घात फळ्यावर उतरत्या क्रमाने लिहावेत : घातांक ३ असताना ८, २ असताना ४, १ असताना २. घातांक एकाने कमी झाला की किंमत निम्मी होते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे आणि पुढच्या ओळी त्यांनाच लिहू द्याव्यात. घातांक ० ला १ येतो, −१ ला १/२, −२ ला १/४ आणि −३ ला १/८. आमच्या मुलांना येथे नागपुरातील झिरो माईलचा दगड, म्हणजे जेथून रस्त्यांची अंतरे मोजली जात तो, आठवून द्यावा, कारण शून्य आले म्हणून रस्ता संपत नाही, तो पलीकडेही जातो. मात्र दाखला तेवढ्यावरच थांबवावा, कारण तेथे शून्य हे अंतर असते आणि येथे घातांक शून्य असूनही किंमत १ असते.

याच उतरंडीने दुसरी चूकही सुटते. २ चा घातांक −३ याचे उत्तर अनेक मुले −८ लिहितात, काही −६ लिहितात, कारण वजाचे चिन्ह दिसताच ते उत्तरापुढे आणावे असा हाताला सराव झालेला असतो. अशा वेळी उत्तर खोडण्यापेक्षा फळ्याकडे बोट दाखवून “निम्मे करता करता संख्या ऋण कोठे झाली?” एवढेच विचारावे. १० चे घात घेतले तर आणखी उत्तम, कारण शतक, दशक, एकक, दशांश, शतांश ही स्थाने मुलांच्या परिचयाची असतात. एककाचे स्थान म्हणजेच १० चा घातांक ० आणि दशांश म्हणजे घातांक −१, हे कळल्यावर १ मिलिमीटर म्हणजे मीटरचा १० चा घातांक −३ इतका भाग, हे मुले आपणहून सांगतात.

‘खाली नेले की चिन्ह बदलते’ ही युक्ती पहिल्याच दिवशी देऊ नये. ती पाठ केलेली मुले ४ गुणिले क्ष चा घातांक −२ या पदात ४ लाही छेदात ढकलतात, वास्तविक घातांक फक्त क्ष चा आहे. तीच मुले २ चा घातांक −१ अधिक ३ चा घातांक −१ याचे उत्तर १/५ लिहितात. १/२ आणि १/३ यांची बेरीज करून ५/६ येते, हे त्यांना प्रत्यक्ष करायला लावावे.

कंसाकडेही लक्ष द्यावे. कंसातील (−३) चा घातांक ० असेल तर उत्तर १, पण कंस नसताना −३ लिहून ३ वर घातांक ० असेल तर उत्तर −१, कारण चिन्ह पायाचा भाग नाही. भागाकारातही मोठ्या घातांकातून लहान वजा करण्याची सवय नडते : ३ चा घातांक २ भागिले ३ चा घातांक ५ म्हणजे घातांक २ − ५ = −३. येथे ९/२४३ लिहून ते १/२७ पर्यंत संक्षिप्त करून दाखवावे.

शेवटी, ‘पाया शून्य नसावा’ ही अट घाईत गाळू नये. ५ चा घातांक ० हा १ येतो, कारण ५ चा घातांक ३ भागिले ५ चा घातांक ३ म्हणजे घातांक ३ − ३ = ०, आणि १२५ भागिले १२५ म्हणजे १ असते. पाया ० असेल तर त्याच पायरीवर शून्याने भागावे लागते, आणि ते करता येत नाही. एखादा मुलगा नेमके हेच विचारतो, तेव्हा त्या तासाचे उरलेले गणित बाजूला ठेवून त्याला फळ्याजवळ बोलवावे.