मे महिन्यात सोसायटीला टँकर लावायचाय? आधी हा हिशोब करा

कोकणात 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तरी रत्नागिरीपासून मालवणपर्यंत एप्रिल-मेत टँकरच्या मागे धावावं लागतं, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून सरळ खाडीला जातं. तर टाकी कोरडी पडल्यावर फोन फिरवण्यापेक्षा होळी झाली की कागद घेऊन बसा.

पहिलं, डोकी मोजा. आणि हो, मेमध्ये चाकरमानी येतात ते धरून मोजा. 20 फ्लॅटमध्ये एरवी 80 माणसं असतील तर तेव्हा 120 पकडा. शहरात माणशी 135 लिटर धरतात, पण टंचाईत 90 वर भागवायचं ठरवलं तर दिवसाला 10,800 लिटर लागतात. नळाचं सरासरी 6,000 येत असेल तर तूट 4,800, म्हणजे दहा हजारी टँकर एक दिवसाआड.

मग खालची टाकी मापा. 3 मीटर लांब, 2 रुंद, 2 खोल असेल तर 12,000 लिटर बसतात. इथेच घोळ होतो, टाकीत आधीच पाच हजार असलं तर टँकरचं पाणी मावत नाही, ड्रायव्हर उरलेलं घेऊन जातो आणि पैसे मात्र पूर्ण लागतात! म्हणून टँकर यायच्या आधी पंप लावून वरची टाकी भरून घ्या. भरताना पंप बंद ठेवा आणि काठी घालून आधीची-नंतरची पातळी बघा, या टाकीत 10 सेंटिमीटर म्हणजे 600 लिटर, त्यामुळे पूर्ण टँकरला पातळी साधारण 165 सेंटिमीटर चढायला हवी. नाही चढली तर तिथल्या तिथे बोला.

पाणी कुठल्या विहिरीचं ते विचाराच. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा, आकडा 500 च्या आत असला तर उत्तम. पिण्यासाठी वापरणार असाल तर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर कालवून, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी) करा, पिवळा रंग आला नाही तर पावडर कमी पडली. उकळून प्यायलात तर अजून बरं.

वाटही बघून ठेवा. दहा हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन, गाडीचं वजन वेगळं, त्यामुळे टाकीच्या स्लॅबवर गाडी अजिबात चढू देऊ नका. चढणीच्या, दोन्हीकडे गडगे (दगडी कुंपणं) असलेल्या पाखाडीत (अरुंद वाटेत) मोठी गाडी वळतच नाही, तिथे पाच हजारी मागवा आणि लांब पाइप आणायला आधीच सांगा, नाहीतर गाडी दारात आणि पाणी गाडीतच.